सर्व्हर हलत नाही, टपालपेट्या हलतात

मायक्रोसॉफ्टच्या 'एक्स्चेंज २०००' व 'एक्स्चेंज २००३' या ई-मेल व्यवस्थांत सर्व्हरांची विभागणी प्रशासकीय गटांत केलेली असे. कोणत्या सर्व्हरचा कारभार कोणी पाहावा, हे या गटांच्या आधारे ठरविता येई. एका गटातील सर्व्हर दुसऱ्या गटात सहज सरकविता येईल, असे प्रमाणपत्र-परीक्षेच्या विद्यार्थ्यास वाटणे स्वाभाविक होते. परंतु तशी सोय नव्हती.

याचे कारण असे की, सर्व्हर बसवितानाच त्याचा गट ठरे आणि निर्देशिकेतील त्याच्या अंतर्गत पत्त्यात गटाचे नाव समाविष्ट होई. म्हणून इष्ट गटात नवा सर्व्हर बसवावा, जुन्यावरील टपालपेट्या त्यावर न्याव्यात व अखेरीस जुना सर्व्हर काढावा, हाच मार्ग होता. ५.५ या पूर्वीच्या आवृत्तीशी जुळवून घेणाऱ्या मिश्र पद्धतीत, 'एक्स्चेंज २०००' मध्ये, टपालपेट्याही दुसऱ्या गटात नेता येत नसत.

'एक्स्चेंज २००७' पासून नव्या आवृत्तीचे सर्व सर्व्हर एकाच गटात बसू लागले. तरीही यातील बोध टिकून आहे: स्थलांतराची योजना आखण्यापूर्वी कोणती वस्तू हलू शकते, हे प्रथम पाहावे. अन्यथा लोकांचे टपाल अडून राहते.