साउथडेल : एका प्रादेशिक व्यापारसंकुलाची वाटचाल

वस्तीच्या नित्य गरजा भागवणारी बाजारपेठ आणि प्रादेशिक व्यापारसंकुल, म्हणजेच मोठा मॉल, यांत मूलभूत भेद आहे. प्रादेशिक संकुल आसपासच्या अनेक नगरांतील ग्राहकांना दुरून आपल्याकडे आणते. त्यात एक-दोन मोठी डिपार्टमेंट स्टोअर्स असतात व त्यांच्या दरम्यानच्या वाटेवर लहान दुकानांच्या रांगा असतात. मोठ्या स्टोअरकडे निघालेला ग्राहक अशा रीतीने लहान दुकानांनाही लाभतो. पूर्णतः बंदिस्त व वातानुकूलित अशा संकुलाचा आद्य नमुना म्हणजे अमेरिकेतील मिनिआपोलिसनजीकच्या ईडायना येथील साउथडेल होय.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतील मध्यमवर्ग मोटारीच्या आधारे उपनगरांत पसरू लागला. या नव्या वसाहतींत घरे होती, रस्ते होते. परंतु माणसांनी सहज एकत्र यावे असे चौक नव्हते. ही उणीव वास्तुशिल्पी व्हिक्टर ग्रूएन यांना तीव्रतेने जाणवली. १९०३ साली व्हिएन्नात जन्मलेले ग्रूएन ज्यू होते. नाझींनी १९३८ मध्ये ऑस्ट्रियाचा ताबा घेतल्यावर ते अमेरिकेत आश्रयास आले. पायी हिंडण्याजोगे व्हिएन्ना शहर त्यांच्या मनात कायम होते. डेटन कंपनीसाठी त्यांनी साउथडेलची जी योजना आखली, तीत दुकानांच्या जोडीला घरे, शाळा, रुग्णालय, उद्यान व तलाव यांचाही समावेश होता.

८ ऑक्टोबर १९५६ रोजी साउथडेल खुले झाले. डेटन आणि डोनाल्डसन ही दोन प्रतिस्पर्धी स्टोअर्स एकाच छताखाली आली. दुमजली इमारतीत ७२ दुकाने होती व बाहेर सुमारे ५,२०० मोटारींची सोय होती. मिनेसोटातील हिवाळा अतिशय कडक. परंतु मधल्या प्रांगणात बारमाही वसंत नांदत असे. तेथे झाडे, शिल्पे, उपाहारगृह व पक्ष्यांचा उंच पिंजरा होता. दुकानांची दर्शनी बाजू आत वळवलेली असल्याने बाहेरून मात्र कोऱ्या भिंतीच दिसत.

या नमुन्याचा प्रसार झपाट्याने झाला. १९५४ च्या करविषयक कायद्याने नव्या इमारतींचा घसारा सुरुवातीच्या वर्षांतच अधिक प्रमाणात वजा करण्याची मुभा दिली होती. १९५६ च्या कायद्याने महामार्गांच्या बांधणीस चालना मिळाली. परिणामी उपनगरातील मोकळी जमीन व्यापारास किफायतशीर ठरली आणि जुन्या शहरांच्या मध्यवर्ती पेठा ओस पडू लागल्या. व्यापाऱ्यांनी ग्रूएन यांच्याकडून बंदिस्त बाजार तेवढा उचलला; त्याभोवतीचे नियोजित नगर कागदावरच राहिले. ज्या मोटारीच्या वर्चस्वावर त्यांना उपाय शोधायचा होता, तिच्याच तळांनी संकुलाला वेढा घातला. पुढे व्हिएन्नास परतलेल्या ग्रूएन यांनी १९७८ साली लंडन येथील भाषणात अशा मॉलचे जनकत्व साफ नाकारले. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

१९९२ साली जवळच ब्लूमिंग्टन येथे ‘मॉल ऑफ अमेरिका’ हे कितीतरी विशाल संकुल उभे राहिले. साउथडेलने वेळोवेळी विस्तार व नूतनीकरण करून आपले अस्तित्व टिकवले. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात तर त्याच्या वाहनतळाच्या काही भागावर निवासी इमारती उभ्या राहिल्या. जे शहाणपण आरंभी खर्चिक म्हणून बाजूला सारले गेले, ते अर्धशतकानंतर व्यापाराच्याच निकडीने अंशतः स्वीकारावे लागले.