अक्विल्ला व प्रिस्किल्ला : परमुलखात संसार मांडणारे जोडपे

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १८:१–३, १८–२८, रोम. १६:१–५, अनुवाद २४:१४–१५

पोटासाठी गाव सोडणे आपल्या मंडळ्यांस नवे नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद येथील आपली कितीएक घराणी नोकरीनिमित्तच तेथे आली व रुजली. गोव्याच्या घरांना बोटीवरची व आखातातली नोकरी ओळखीची आहे. आता तरुण जोडप्यांपुढे आणखी एक वाट आली आहे. परदेशच्या शेतांवर काही महिने हंगामी काम करावे आणि परत यावे. ब्रिटनमध्ये फळे व भाजीपाला तोडण्यासाठी २०१९ पासून असा परवाना दिला जातो. त्याची मुदत जास्तीत जास्त सहा महिने असते. या वाटेने निघणाऱ्या नवविवाहितांसाठी आपण आज अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांचा अभ्यास करू.

अक्विल्ला मूळचा काळ्या समुद्राकाठच्या पंत प्रांताचा. इ. स. ४९ च्या सुमारास कैसर क्लौद्य याने यहूद्यांना रोम सोडण्याचा हुकूम केला, तेव्हा हे जोडपे करिंथास आले. पुढे ते इफिसास गेले, पुन्हा रोममध्ये दिसते व शेवटी पुन्हा इफिसास. इतक्या वेळा बिऱ्हाड हलले, तरी ते मोडले नाही. ते कशाने टिकले ते पाहू.

१. दोघे एकत्र राहिली. नव्या करारात त्यांचा उल्लेख सहा ठिकाणी आहे, आणि एकाही ठिकाणी एकाचे नाव दुसऱ्याला सोडून येत नाही. राहुट्या करण्याचा धंदा दोघांचा, अपुल्लोसाला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगितला तोही दोघांनी. करिंथ हे दोन बंदरांमधले शहर. हिवाळ्यात समुद्रप्रवास जवळजवळ थांबे, वसंतात गलबते व व्यापारी पुन्हा येत, आणि दर दोन वर्षांनी जवळच इस्थमी खेळांची मोठी गर्दी होई. तेव्हा त्यांचीही मिळकत बारमाही सारखी नसणार. हंगामाचा चढउतार त्यांनी जोडीने सोसला.

ब्रिटनच्या हंगामी परवान्यावर पतीला पत्नी किंवा मुले आश्रित म्हणून नेता येत नाहीत. दोघांना जायचे तर दोघांनीही स्वतंत्र परवाना व काम मिळवावे लागते. म्हणून सही करण्यापूर्वीच विचारावे : दोघांचे शेत एकच आहे काय? राहण्याची जागा एकत्र मिळेल काय? घरी लहान मूल असेल तर सहा महिन्यांचा वियोग त्याला व त्याच्या आजीआजोबांना झेपेल काय? हा निर्णय घरातील वडीलधाऱ्यांसह, प्रार्थनापूर्वक करावा.

२. व्यवहार उजेडात ठेवावा. मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी, मग तो स्वदेशीय असो वा परदेशीय, अशी आज्ञा नियमशास्त्रात आहे. मजुराचा जीव त्या मजुरीवर टांगलेला असतो, हे देव जाणतो. आपणही आपल्या मजुरीविषयी बेफिकीर राहू नये. ब्रिटनमध्ये काम मिळवून देण्याबद्दल मजुराकडून पैसे घेणे कायद्याने मना आहे. आपल्या देशात परदेशी नोकऱ्यांसाठी माणसे भरती करणाऱ्या दलालाने १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी केलेली असली पाहिजे, आणि त्याच्या सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढी आहे. याहून जास्त मागणाऱ्याच्या गोड बोलण्याला भुलून स्त्रीधन गहाण टाकू नये. सहा महिन्यांच्या कामासाठी काढलेले कर्ज सहा वर्षे फिटले नाही, तर हंगाम संपूनही दास्य संपत नाही.

३. घराचे दार उघडे ठेवले. करिंथात पौल त्यांच्याच घरी राहिला व त्यांच्याबरोबर काम करू लागला. इफिसात व रोममध्ये मंडळी त्यांच्या घरात जमे. ते घर त्यांच्या मालकीचे होते की भाड्याचे, हे शास्त्र सांगत नाही. शेतमजुरांना पुष्कळदा चाकांच्या फिरत्या घरात, इतरांसोबत जागा वाटून राहावे लागते. तेथेही घर मांडता येते. पहाटे कामाला निघण्यापूर्वी एक अध्याय व प्रार्थना, आणि सायंकाळी एकत्र भोजन, एवढा नेम दोघांनी न मोडता पाळावा. शेजारच्या खाटेवरचा परक्या भाषेचा मजूर आजारी पडला, तर त्याला पेजेची वाटी द्यावी. दार उघडे ठेवणे म्हणतात ते हेच.

४. मंडळीचे पत्र बरोबर होते. अपुल्लोस अखयास निघाला तेव्हा इफिसच्या बंधुजनांनी तेथील शिष्यांना पत्र लिहून त्याचे स्वागत करण्यास सांगितले. किंख्रियाच्या मंडळीची सेविका फीबी हिच्यासाठी पौलाने रोमकरांस शिफारस लिहिली. ही चाल आपण सोडू नये. जाणाऱ्या जोडप्याने पाळकांकडून सभासदत्वाचे पत्र घ्यावे, व पोहोचताच जवळच्या मंडळीचा शोध करावा. मागे राहिलेल्या मंडळीने निरोपसमारंभात हार घालून आपले कर्तव्य संपले असे मानू नये. त्यांच्या आईवडिलांची विचारपूस, दर रविवारी नावाने प्रार्थना, आणि परत येतील तेव्हा 'किती कमावले?' याआधी 'कसे राहिलात?' हा प्रश्न, एवढे तरी आपल्याकडून व्हावे.

परवान्याची मुदत सरते, तोडणीचा हंगाम सरतो. लग्नाच्या दिवशी देवासमोर केलेल्या कराराला मात्र हंगाम नाही. अक्विल्ला व प्रिस्किल्ला यांनी किती राहुट्या शिवल्या याची नोंद कोठेही नाही. पण इफिसात व रोममध्ये त्यांच्या घरी जमणाऱ्या मंडळ्या शास्त्रात नोंदल्या आहेत. आपल्या तरुणांनी पैसा जरूर कमवावा, त्यात कमीपणा नाही. पण ज्या संसारासाठी तो कमवायचा, तो संसारच वाटेत हरवू नये.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या मंडळीतून कामासाठी बाहेर गेलेली किती कुटुंबे आज आपल्याला नावाने आठवतात?

२. परदेशी कामाची कागदपत्रे वाचून समजावून देईल असा जाणकार सभासद आपल्यात कोण आहे?

३. आपल्या गावात हंगामी कामाला आलेल्या परक्या मजुरांसाठी आपले दार उघडे आहे काय?