प्रशिक्षकाचे वर्तन आणि पंचाची शिट्टी

बास्केटबॉलच्या सामन्यात खेळाडूच्या हातून दोष घडला की पंच शिट्टी वाजवतो, हाताने खूण करतो आणि गुणलेखक त्या खेळाडूच्या नावापुढे फाउल लिहितो. यात फारसा पेच नाही. पेच पडतो तो रेषेबाहेर उभ्या असलेल्या प्रशिक्षकामुळे. तो चेंडूला हात लावत नाही, कुणाला धक्का देत नाही; पण त्याचा आवाज, त्याचे हातवारे आणि कधी कधी त्याचे शब्द सामन्यात खेळाडूइतकेच उतरलेले असतात. या माणसाला पंचाने शिक्षा केव्हा करावी आणि केव्हा त्याच्याकडे काणाडोळा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

मुळात या खेळात प्रशिक्षकाला जागाच नव्हती. डिसेंबर 1891 मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे डॉ. जेम्स नेस्मिथ यांनी हा खेळ बसवला तेव्हा त्यांनी 13 नियम लिहिले. त्यांत अधिकारी दोन होते. एकाने माणसांवर लक्ष ठेवायचे, दुसऱ्याने चेंडूवर. प्रशिक्षकाचा त्यात उल्लेखही नाही. पुढे संघांबरोबर शिकवणारी माणसे येऊ लागली तेव्हा नियमकारांनी त्यांच्याकडे संशयानेच पाहिले. अमेरिकेतील महाविद्यालयीन नियमांत 1910-11 साली असे ठरले की, सामना चालू असताना संघाशी संबंधित कोणीही खेळाडूंना सूचना द्यायच्या नाहीत. पहिल्या वेळी ताकीद आणि त्यानंतर प्रतिपक्षाला एक फ्री थ्रो. टाइम-आऊटमध्ये प्रशिक्षकाने आपल्या खेळाडूंशी बोलावे ही मोकळीक तर तेथे 1948-49 साली मिळाली. आज टाइम-आऊट म्हटला की फळीवर खडूने आकृत्या काढणारा प्रशिक्षकच आपल्या डोळ्यांपुढे येतो. ही मुभा किती उशिरा आली हे ध्यानात घेतले म्हणजे प्रशिक्षकाचे रेषेजवळ उभे राहणे हा त्याचा जन्मसिद्ध हक्क नसून नियमाने दिलेली सवलत आहे, हे पटते. सवलत अटींवर असते.

आपल्याकडच्या खेळांतही हीच दृष्टी दिसते. मी जांब समर्थचा. समर्थ रामदासांचे हे जन्मगाव आता जालना जिल्ह्यात आहे. जिल्हा 1981 साली झाला, त्यापूर्वी आम्ही औरंगाबाद जिल्ह्यातले. मारुती आणि बलोपासना यांचे नाते समर्थांमुळे महाराष्ट्रभर रुजले, तेव्हा आमच्या भागातल्या पोराला कुस्ती, कबड्डी आणि खो-खो वेगळे शिकवावे लागत नाहीत. बास्केटबॉलचे कडे मात्र त्याला बहुधा कॉलेजच्या मैदानावरच प्रथम भेटते. तर कबड्डीचा जुना नियम पाहा: चढाई करणाऱ्या गड्याला त्याच्याच बाजूच्या माणसाने सावध केले किंवा सूचना दिली, तर प्रतिपक्षाला एक गुण. दम कोंडून गेलेल्या गड्याने स्वतःच्या अकलेवर परत यावे, हा त्यातला भाव. अमेरिकेतल्या 1910 च्या नियमकारांना हा नियम ठाऊक असण्याचे कारण नाही, तरी दोन्हीकडे विचार एकच. आज कबड्डीतही प्रशिक्षकाला कार्ड दाखवता येते. जत्रेतल्या कुस्तीचे तंत्र थोडे निराळे. तेथे वस्ताद आखाड्याच्या कडेला बसून डाव ओरडतो आणि त्याचे कुणाला वावगे वाटत नाही. पण तोच वस्ताद हौदात उतरला की कुस्ती थांबते. आवाजाला मुभा, पावलाला नाही.

बास्केटबॉलचा आजचा आंतरराष्ट्रीय नियम याच्या जवळ जातो. मुख्य प्रशिक्षक किंवा पहिला सहायक प्रशिक्षक, यांपैकी एका वेळी एकाच माणसाने उभे राहायचे, बाकीच्यांनी बसायचे. उभ्या असलेल्याने आपल्या बाकड्याच्या आखलेल्या जागेतच राहायचे. आपल्या खेळाडूंशी हवे तेवढे बोलावे. सहायकाने पंचांशी बोलायचे नाही. गुणलेखकाच्या टेबलाशी आकडे विचारायला जायचे तर मुख्य प्रशिक्षकाने, आणि तेही चेंडू मृत असून घड्याळ बंद असताना. पंच, टेबलावरचे अधिकारी किंवा प्रतिपक्ष यांच्याशी अनादराने बोलणे अथवा त्यांना हात लावणे हा टेक्निकल फाउल होतो. प्रशिक्षकाने स्वतः असे वर्तन केले तर त्याच्या नावापुढे 'सी' लागते; बाकड्यावरच्या दुसऱ्या कुणी केले तर 'बी' लागते, आणि तेही प्रशिक्षकाच्याच खात्यावर. दोन 'सी' झाल्या की त्याने मैदान सोडायचे. 'बी' धरून एकूण तीन झाल्या तरी तेच. अतिशय घोर वर्तन असेल तर पहिल्याच वेळी बाहेर काढता येते.

शिक्षेचे स्वरूपही पाहण्यासारखे आहे. पूर्वी प्रशिक्षकाच्या टेक्निकल फाउलबद्दल प्रतिपक्षाला दोन फ्री थ्रो आणि वर चेंडूचा ताबा मिळत असे. अटीतटीच्या सामन्यात याचा अर्थ चार-पाच गुणांचा फरक. पंच कचरत असे तो यामुळेच. एका माणसाच्या जिभेसाठी बारा मुलांचा सामना घालवावा काय, असे त्याला वाटे. आता एकच फ्री थ्रो मिळतो आणि खेळ जेथे थांबला तेथून, ज्या संघाकडे चेंडू होता त्याच्याकडूनच पुढे सुरू होतो. शिवाय हा फाउल संघाच्या फाउलांत मोजला जात नाही. म्हणजे शिक्षा हलकी केली आणि ती शक्य तितकी करणाऱ्याच्याच नावावर ठेवली. हलकी शिक्षा वेळेवर देता येते, असा मला या बदलाचा अर्थ दिसतो. आपले पंच मात्र अजूनही जुन्या जड शिक्षेच्या धास्तीने वागतात आणि शिट्टी शेवटच्या दोन मिनिटांवर ढकलतात. तोपर्यंत प्रशिक्षक, खेळाडू, प्रेक्षक सारेच तापलेले असतात आणि मग एका फ्री थ्रोचे भांडण पोलिसांना बोलावण्यापर्यंत जाते.

मग वेळेवर म्हणजे केव्हा? नियमानेच पंचाला एक मधली पायरी दिली आहे. किरकोळ, नकळत घडलेल्या आणि खेळावर परिणाम न करणाऱ्या गोष्टीकडे त्याने दुर्लक्ष करावे किंवा ताकीद द्यावी. ताकिदीनंतर तेच पुन्हा घडले तर फाउल द्यावा. माझ्या मते यातील खरी कसोटी आवाजाची नाही, शब्दांच्या रोखाची आहे. "सर, हा चार्ज कसा झाला?" हा प्रश्न आहे. तो मोठ्याने विचारला तरी प्रश्नच राहतो, आणि चेंडू मृत झाल्यावर पंचाने जाता जाता एका वाक्यात उत्तर दिले तर बहुधा तेथेच मिटतो. "एकाच बाजूला किती फाउल देणार?" ही कुरकुर आहे. ती एकदा ऐकून सोडावी, दुसऱ्यांदा ताकीद द्यावी, तिसऱ्यांदा हाताचा 'टी' करावा. पण "आज ठरवूनच आलात वाटतं!" हे वाक्य प्रश्नही नाही आणि कुरकुरही नाही. त्यात पंचाच्या सचोटीवर आरोप आहे. ते हळू आवाजात, हसत हसत म्हटले तरी त्याला ताकिदीची पायरी लागू नाही. आपल्याकडे उलटे होते. ओरडणाऱ्याला शिक्षा मिळते आणि गोड बोलून विष पेरणारा सुटतो.

दुसरी गोष्ट प्रेक्षकांची. पंचाच्या निर्णयानंतर मैदानाकडे पाठ फिरवून प्रेक्षकांकडे पाहत दोन्ही हात पसरणारा प्रशिक्षक एक शब्दही बोलत नाही. पण त्याने काय केले हे ज्याने यजमान कॉलेजच्या मैदानावर सामना खेळला आहे त्याला सांगायला नको. चारशे मुले एकदम उठतात. माझ्या मते ही कृती शिवीपेक्षा गंभीर आहे, कारण शिवी एकट्या पंचाला लागते आणि हा इशारा पाहुण्या संघातल्या मुलांच्या अंगावर येतो. येथे पंचाने थांबू नये. मात्र प्रतिपक्षाचा गडी मोकळा होऊन कड्याखाली पोहोचला असेल तर ती चाल पुरी होऊ द्यावी आणि मगच शिट्टी वाजवावी. नाही तर शिक्षेचा तोटा ज्याचा काही दोष नाही त्यालाच व्हायचा.

ज्यांबद्दल दुमत होत नाही अशी प्रकरणे शिकायला फारशी उपयोगी नसतात. 23 फेब्रुवारी 1985 रोजी इंडियाना विद्यापीठाचे नामवंत प्रशिक्षक बॉब नाइट यांनी पर्ड्यूविरुद्धच्या सामन्यात प्लास्टिकची खुर्ची मैदानावर भिरकावली. त्यांना बाहेर काढावे की नाही याचा कोणत्याही पंचाला विचार करावा लागला नसता. खरा धडा 1972 च्या म्युनिक ऑलिंपिकमधील अंतिम सामन्यात आहे. तीन सेकंद उरले असताना अमेरिकेच्या डग कॉलिन्सने दोन फ्री थ्रो साधले आणि अमेरिका 50-49 अशी पुढे गेली. आम्ही टाइम-आऊट मागितला होता, तो दिला नाही, अशी तक्रार घेऊन सोव्हिएत बाकड्यावरची माणसे खेळ चालू असताना टेबलापाशी आली. घड्याळात एक सेकंद उरला असताना खेळ थांबला. प्रेक्षागारातून आंतरराष्ट्रीय संघटनेचे सचिव विल्यम जोन्स खाली उतरले आणि त्यांनी तीन सेकंद परत लावायला सांगितले. शेवटचे तीन सेकंद पुन्हा पुन्हा खेळवले गेले, अखेर अलेक्झांडर बेलोवने चेंडू टाकला आणि सोव्हिएत संघ 51-50 असा जिंकला. ब्राझीलचे पंच रेनातो रिघेत्तो यांनी गुणपत्रकावर सही केली नाही. अमेरिकन खेळाडूंनी रौप्यपदके घेतली नाहीत. टाइम-आऊटची तक्रार खरी होती की खोटी, यावर आजही वाद होतो. पण तो प्रश्न एक आणि तक्रार मांडण्याची रीत हा प्रश्न दुसरा. खरी तक्रारसुद्धा बाकडे सोडून टेबलावर आणली आणि ती चालली, की त्यापुढे मैदानावरच्या पंचाच्या हातात काही उरत नाही. नियमाने तक्रारीची वाट ठेवली आहे: सामना संपल्यावर कप्तानाने गुणपत्रकावर निषेधाची सही करावयाची.

आता आपल्या घरची गोष्ट. आपल्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत प्रशिक्षक म्हणून उभे असतात ते बहुधा त्या कॉलेजचे क्रीडा संचालक. पंच असतो चार-पाच वर्षांपूर्वी कॉलेज सोडलेला एखादा खेळाडू. पुष्कळदा तो याच सरांच्या हाताखाली ड्रिब्लिंग शिकलेला असतो. सामन्यापूर्वी त्याने त्यांच्या पाया पडलेल्या आपण पाहतो. यजमान कॉलेज असेल तर त्याचा प्रवासखर्च, मानधन आणि संध्याकाळचे जेवणही त्याच सरांकडून येणार असते. अशा मुलाने भर मैदानात सरांकडे तोंड करून दोन हातांचा 'टी' करावा, ही अपेक्षा कागदावर सोपी आहे. एका सामन्यात मी असा पंच पाहिला. सर प्रत्येक निर्णयाला त्याला नावाने हाक मारून "अरे, तुला मी हेच शिकवलं का?" असे विचारत होते. आवाज चढलेला नव्हता, शिवी नव्हती. पाहुण्या संघाला मात्र पहिल्या पाच मिनिटांतच कळून चुकले होते की हा पंच आता आपला राहिला नाही. त्या पंचाने काही केले नाही, आणि त्याला दोष देण्याचे माझ्या मनात येत नाही.

गुरुविषयी आदर ही आपल्याकडे चेष्टेची बाब नाही आणि नसावी. परंतु 'अरे-तुरे' हा गुरूचा अधिकार वर्गात आणि सरावात; अंगावर पंचाचा पोशाख चढला की समोरचा माणूस शिष्य उरत नाही. तेव्हा माझी सूचना अशी की, पंचाने सुरुवातीलाच, नाणेफेकीच्या किंवा ओळखीच्या वेळी, दोन्ही प्रशिक्षकांना हात जोडून एकच सांगावे: "सर, सामन्यात मला पंच म्हणा." ही विनंती कोणत्याही नियमपुस्तकात नाही, पण पुढे ताकीद द्यावी लागली तर ती उद्धटपणाची वाटत नाही. आणि ताकीद देताना जवळ जाऊन, हळू आवाजात, खेळ थांबलेला असताना द्यावी. मैदानाच्या मध्यावरून बोट दाखवून दिलेली ताकीद ही सरांच्या विद्यार्थ्यांसमोर केलेली मानहानी ठरते आणि तिला उत्तर आल्यावाचून राहत नाही. क्रीडा विभागांनीही एक करावे: ज्या सामन्यात एखाद्या पंचाचे स्वतःचे कॉलेज किंवा स्वतःचे गुरू असतील तो सामना त्याला देऊ नये. आपल्या भागात पंच मोजके, हे मान्य. तरी दोन मैदानांवरचे पंच आपसांत बदलणे अवघड नाही.

एका प्रकाराविषयी लिहिणे भाग आहे. स्वतःच्याच खेळाडूला सर्वांदेखत वाटेल ते बोलणारा, प्रसंगी हात उगारणारा प्रशिक्षक. तो तर आमच्याच मुलाला बोलतो, पंचाचा काय संबंध, असे म्हटले जाते. टेक्निकल फाउलच्या नियमात पंच, अधिकारी आणि प्रतिपक्ष यांची नावे घेतली आहेत, स्वतःच्या खेळाडूचे नाही, हे खरे. म्हणून रागावणे, ओरडणे यात पंचाने पडू नये. पण हात उचलला की ते घोर वर्तन झाले. मार खाणारा कोणत्या रंगाचा बनियन घालून उभा आहे याने त्यात फरक पडत नाही. तेथे ताकीद नको, 'सी' नको, सरळ बाहेर.

बाहेर काढलेल्या प्रशिक्षकाने विश्रांतीगृहात जावे किंवा मैदानाची इमारत सोडावी. प्रेक्षकांत बसून सूचना देत राहण्याची सोय नाही. त्याच्या जागी पहिला सहायक प्रशिक्षक येतो. पण आपल्या किती कॉलेजांच्या संघाबरोबर सहायक असतो? नसला तर ते काम कप्तानाकडे येते, आणि ही गोष्ट पुष्कळ कप्तानांना ठाऊकच नसते. अशा वेळी टाइम-आऊट आणि बदली खेळाडूंचे निर्णय त्यानेच घ्यायचे असतात. पाच फाउल होऊन तो स्वतः बाहेर बसला तरी हे काम त्याच्याकडेच राहते. तो अपात्र ठरला किंवा जखमी झाला तरच त्याच्या जागी आलेला कप्तान ते घेतो. तेव्हा यंदा ज्यांच्या दंडावर कप्तानाची पट्टी येईल त्यांनी नियमपुस्तकातला कप्तानाचा भाग सामन्याआधीच एकदा वाचून ठेवावा.