गळणारा व्हॉल्व्ह

काशीत शिंदे घाटाच्या वरच्या गल्लीत आमचं घर. हा घाट बायजाबाई शिंद्यांनी १८३० च्या सुमारास बांधला, आणि महाराष्ट्रातले यात्रेकरू माघात अजूनही आमच्याकडेच उतरतात. पहाटे गंगेत बुडी मारून कुडकुडत आलेल्या म्हाताऱ्या माणसांना बादलीभर कढत पाणी मिळावं म्हणून २५ लिटरचा गीझर बसवला होता.

गीझरखाली थंड पाण्याच्या नळीवर एक पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापताना तो थेंब थेंब गळायचा. ओल्या फरशीवरून कुणी घसरेल या भीतीने मी त्याच्या तोंडाला डमी बसवून घेतली. पुढे गीझर मधूनच बंद पडू लागला, तेव्हा मेकॅनिकने पाणी फार तापलं की वीज तोडणारा कटआउट काढून तारा डायरेक्ट जोडल्या. मीच होकार दिला.

जानेवारीतल्या एका पहाटे नागपूरहून आलेल्या आजींनी नळ सोडला. आधी फुरफुरत वाफ आली, मग उकळतं पाणी. त्यांचं मनगट भाजलं. मी मेन स्विच पाडला, हात वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं धरायला लावला आणि त्यांना डॉक्टरांकडे नेलं. टाकी फुटली असती तर काय झालं असतं, हा विचार अजून झोपू देत नाही.

संध्याकाळी, टाकी आपोआप निवल्यावर, गीझर उघडला. बोअरिंगच्या जड पाण्याने कॉइलवर अंड्याच्या कवचासारखा पांढरा थर चढला होता. नखाने दाबला तर पापुद्रे निघाले. तळाशी मूठभर बारीक वाळू. टाकी गंजू नये म्हणून असलेल्या मॅग्नेशियमच्या रॉडची नुसती तार उरलेली. थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटून बसले होते, म्हणजे कटआउट बिचारा खरं तेच सांगत होता.

२५ लिटर पाणी १५ अंशांवरून ६० वर गेलं की साधारण ४०० मिली फुगतं. व्हॉल्व्हमधली झडप ते मागे जाऊ देत नाही, मग ते थेंबांनी बाहेर पडतं. तापताना गळणं ठीक आहे. गीझर बंद असतानाही व्हॉल्व्ह गळत राहिला, तर मात्र प्रेशर तपासून तो बदला. त्याचं तोंड बंद करायचं नाही, कधीच नाही. कटआउट उडत असेल तर दोष थर्मोस्टॅटमध्ये शोधा. डायरेक्ट करून देणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. नळातून वाफ आली तर वीज तोडा आणि टाकी निवेपर्यंत नळाला हात लावू नका.

आमच्यासारख्या जुन्या घरांत अर्थिंगचा भरवसा नसतो. ते आधी नीट करून घ्या, आणि करंट गळताच वीज तोडणारा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावाच.

मी आता दिवाळीआधी वीज तोडून टाकी रिकामी करतो, कॉइल लिंबूसत्वाच्या पाण्यात भिजवतो, रॉड आणि वायसर नवे घालतो. टाकी पुन्हा भरून गरम पाण्याच्या नळाला सलग धार लागेपर्यंत बटण दाबत नाही. कोरडी कॉइल क्षणात जळते. थर्मोस्टॅट ५५ वर. व्हॉल्व्हला पारदर्शक नळी जोडून ती मोरीत सोडली आहे. फरशी कोरडी राहते, आणि पहाटे पाणी तापताना त्या नळीतून थेंब उतरतो आहे ना, हे बघूनच मी यात्रेकरूंना हाक मारतो.