सोनपितळेचे पाय

आजचं वचन: प्रकटीकरण 1:15.

पात्म बेटावर योहानाला प्रभूचं दर्शन झालं. त्या वर्णनात पाय भट्टीत तापलेल्या धातूसारखे आहेत. कोणता धातू? मूळ ग्रीक शब्द 'खाल्कोलिबानोन'. तो इथे आणि 2:18 मध्ये, थुवतीराच्या पत्रात येतो. त्याआधीच्या ग्रीक लिखाणात कुठेच सापडत नाही. लॅटिन बायबलने त्यासाठी 'ओरिकॅल्कम' हा शब्द घेतला.

गुगल केलं तेव्हा एकदम भारी वाटलं. प्लेटोच्या बुडालेल्या अटलांटिसमध्ये ओरिकॅल्कमचा मान सोन्याखालोखाल! पण रोमन बाजारात ओरिकॅल्कम म्हणजे चक्क पितळ. ऑगस्टसच्या काळापासून त्याची नाणी पडत. ग्रीकमध्ये नावाचा अर्थ 'डोंगरातलं तांबं'. रोमन लोकांना त्यात 'ऑरम', म्हणजे सोनं, ऐकू आलं आणि ते 'ऑरिकॅल्कम' लिहू लागले. आपल्या मराठी बायबलातही 'सोनपितळ'च आहे बघा.

खरं सांगतो, मी हिरमुसलो. प्रभूचे पाय, आणि पितळ?

मग ते बनतं कसं ते वाचलं. तांबं 1085 अंशांवर वितळतं, पण जस्त 907 अंशांवरच उकळतं. उघड्या भट्टीत ते वाफ होऊन उडून जातं. म्हणून रोमन कारागीर तांब्याचे तुकडे, जस्ताचं खनिज आणि कोळसा बंद मुशीत तापवायचे. वाफेला बाहेर वाटच नाही. ती तांब्यात मुरते आणि लाल तांबं पिवळं होतं. योहान हे लिहितो तेव्हा बेटावर अडकलेला आहे, आणि ज्यांना लिहितो त्या मंडळ्याही त्रासात आहेत. त्यांच्यामधून चालणाऱ्या प्रभूच्या पायांना भट्टी ठाऊक आहे, हे त्यांना ऐकायचं होतं. मलाही.

मागच्या महिन्यात पुण्यातली नोकरी गेली. बॅग घेऊन थेट अमरावतीला आजीकडे आलो. अकोल्यात इंजिनीअरिंगला होतो तेव्हा माझ्या फीसाठी तिने सोन्याच्या पाटल्या मोडल्या होत्या. घरात उरला तो पितळेचा गुंड. तो ती चिंचेने घासत बसली होती, तेव्हा मी तिला हे वचन वाचून दाखवलं, जस्ताचंही सांगितलं.

आजी म्हणाली, "मंग घासा लागत असतीन ना रे त्याचे पाय रोज?"

आणि चिंचेचा गोळा माझ्या हातात दिला.