ब्रेक पॅड बदलताना : पास्कलचा नियम आणि विसरलेली एक पायरी



पास्कलचा नियम आपण पुस्तकात वाचतो आणि परीक्षेत लिहितो. आम्हांला तो आमच्याच अंगणात पुन्हा शिकावा लागला. सावंतवाडीहून आंबोली घाटाने बेळगावला परतलो, तेव्हा गाडीच्या पुढच्या चाकांतून ब्रेक दाबताच चिरका आवाज येऊ लागला होता. ब्रेक पॅड झिजले होते. ते घरीच बदलायचे ठरवले. काम नीट झाले. पण शेवटची एक पायरी विसरलो आणि गाडी तुळशीवृंदावनापासून वीतभर अंतरावर येऊन थांबली. ती पायरी कोणती, हे या पाठात पाहू.

ब्रेक काय करतो?

१००० किलोग्रॅमची गाडी ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने जात असेल, तर तिची गतिज ऊर्जा ½ × १००० × २० × २० = २,००,००० ज्यूल होते. ब्रेक दाबला की पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटतात आणि या ऊर्जेची उष्णता होते. एवढ्या उष्णतेने एक लिटर पाणी सुमारे ४८ अंश सेल्सिअसने तापेल. आंबोलीहून सावंतवाडीला उतरताना गाडी सुमारे ६०० मीटर खाली येते, म्हणजे जवळजवळ ५९ लाख ज्यूल ऊर्जा आवरावी लागते. म्हणूनच घाट उतरताना खालचा गियर ठेवतात. बराच भार इंजिन घेते आणि ब्रेक कमी तापतात.

पॅड केव्हा बदलावेत?

नव्या पॅडवर घर्षणाचा थर साधारण १० मिलिमीटर असतो. तो ३ मिलिमीटरच्या आसपास आला की पॅड बदलावेत. पुष्कळ पॅडना पत्र्याची एक छोटी जीभ असते. थर झिजला की ती डिस्कला घासून आवाज करते. ही सूचना असते, तिच्याकडे काणाडोळा करू नये. एका बाजूचा पॅड झिजला तरी दोन्ही पुढच्या चाकांचे पॅड एकदमच बदलावेत, नाहीतर ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते.

कामाचा क्रम (पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या साध्या गाडीसाठी)

१. गाडी सपाट, टणक जागी उभी करावी. हँडब्रेक ओढावा, पहिला गियर टाकावा, मागच्या चाकांना दगड लावावेत.

२. चाक जमिनीवर असतानाच नट थोडे सैल करावेत. मग जॅक लावून गाडी उचलावी आणि मजबूत स्टँडवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातही घालू नये.

३. एका वेळी एकच बाजू उघडावी. दुसरी बाजू नमुना म्हणून पाहता येते.

४. कॅलिपरचा खालचा बोल्ट काढून तो वर फिरवावा आणि जुने पॅड काढावेत. कॅलिपर पूर्ण सुटला तर तारेने बांधून ठेवावा. ब्रेकच्या रबरी नळीवर लोंबू देऊ नये.

५. धूळ तोंडाने फुंकू नये, ओल्या फडक्याने पुसावी. डिस्कला खोल चरे असतील किंवा पिस्टनपाशी तेल झिरपत असेल, तर तिथेच थांबून मेस्त्रींना बोलवावे.

६. नवे पॅड जाड असतात, म्हणून पिस्टन आत ढकलावा लागतो. जुना पॅड मध्ये धरून शिकंजाने तो सावकाश दाबावा. त्या वेळी ब्रेक ऑइलच्या डबीतली पातळी वर चढते, तिच्यावर लक्ष ठेवावे. तेल रंगावर सांडले तर रंग उडतो. लगेच पाण्याने धुवावे.

७. नवे पॅड बसवावेत. ग्रीस फक्त कॅलिपरच्या सरकत्या खिळ्यांना लावावे; पॅडला किंवा डिस्कला त्याचा थेंबही लागू नये. बोल्ट गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने आवळावेत. चाक बसवून नट समोरासमोर या क्रमाने आवळावेत.

आणि विसरलेली पायरी

आम्ही इथेच थांबलो, इंजिन सुरू केले आणि गाडी अंगणाच्या उतारावरून सोडली. ब्रेक दाबला तर पेडल सरळ तळाला गेले! हँडब्रेक ओढला म्हणून वाचलो. तो तारेने मागच्या चाकांवर चालतो, त्याला तेल लागत नाही.

असे का झाले? पास्कलच्या नियमानुसार बंदिस्त द्रवावरचा दाब सगळीकडे सारखा पोचतो. पेडलजवळचा पिस्टन लहान आणि कॅलिपरचा मोठा असतो, म्हणून बळ वाढते. पण त्याची किंमत अंतराने मोजावी लागते. पेडल पुष्कळ जाते तेव्हा कॅलिपरचा पिस्टन थोडासाच सरकतो. आपण तो बराच आत ढकललेला असल्याने एका दाबात पॅड डिस्कपर्यंत पोचतच नाहीत, आणि पॅड टेकल्याशिवाय दाब निर्माण होत नाही.

म्हणून गाडी हलवण्यापूर्वी पेडल हळूहळू अनेकदा दाबावे, ते पायाला घट्ट लागेपर्यंत. नंतर तेलाची पातळी तपासावी, मोकळ्या सपाट जागी अगदी हळू गाडी चालवून ब्रेक पाहावा. पेडल मऊच राहिले तर गाडी रस्त्यावर काढू नये. पहिले दोनएकशे किलोमीटर जोराचे ब्रेक शक्यतो टाळावेत.

पालकांना विनंती, की मुलांना हे काम पाहू द्यावे, पाने हातात द्यायला लावावेत. पण बोल्ट मोठ्यांनीच आवळावेत. पहिल्यांदा एखाद्या जाणत्या माणसाला शेजारी उभे करावे. मागच्या चाकांना विजेवर चालणारा पार्किंग ब्रेक असेल, तर ते काम गॅरेजवरच सोपवावे. पॅड बदलून मेस्त्रींची मजुरी वाचते. पण पेडल न दाबता सोडलेल्या गाडीची किंमत कोणी मोजावी, हे आधी ठरलेले नसते.

स्वाध्याय

१. वरच्याच गाडीचा वेग निम्मा केला, तर गतिज ऊर्जा किती होईल? निम्मी का होत नाही?

२. पेडलचे तेल संपले तरी हँडब्रेक का चालतो?

३. मोठ्या पिस्टनचे क्षेत्रफळ लहान पिस्टनच्या ५ पट असेल, तर लहान पिस्टन १० मिलिमीटर सरकल्यावर मोठा किती सरकेल?