वाकू नका जी!

घोडाझरीला मी एकटा जाणारच नव्हतो, हे आधी स्पष्ट लिहितो. कार्यालयात तेव्हापासून बोललं जातंय की मला मर्दुमकी गाजवायची होती. ते खोटं आहे. बेत कार्यालयातल्याच एका सहकाऱ्याचा होता आणि वाटही त्यानेच सांगितलेली. तलावाच्या पाळीवरून काठाकाठाने जायचं, टेकडीवर चढायचं, तीनपर्यंत सांडव्यावर परत. "दहा वेळा गेलोय भाऊ, परवानगी-बिरवानगी काही लागत नाही." सकाळी नागभीडच्या स्टँडवर उतरलो आणि त्याचा फोन आला. घरी पाहुणे आलेत, तुम्ही व्हा पुढे, तीनला गाडी घेऊन सांडव्यावर असतोच. नागपूरहून पहाटेची एसटी धरून आलेला माणूस तिथून परत फिरत नाही, हे त्याला चांगलं माहीत होतं.

एप्रिल 2025 ची गोष्ट. त्याआधी 15 मार्चला याच तलावात पाच तरुण बुडाले होते, जुलै 2023 मध्ये चार. त्यामुळे पाण्यात पाऊल टाकायचं नाही, एवढं मी घरूनच ठरवून निघालो होतो. डोक्यात भीती होती ती पाण्याची. काठाचा विचारच केला नव्हता.

साग, ऐन, सगळं उघडंबोडकं. सावली म्हणून कुठे नाही, पायाखाली पाचोळ्याचा एवढा आवाज की दुसरं काही ऐकू येईना. दोन लिटर पाणी साडेदहालाच संपलं. टेकडी अर्धीच सोडून काठाला उतरलो. भेगाळलेला गाळ, त्यापुढे थोडी ओल, डाव्या हाताला बेशरमाची दाट झुडपं. बाटली भरायला वाकलो.

"वाकू नका जी! उभे राहा! उभे राहा!"

मोहफुलं वेचून परतणारी आठ-दहा माणसं होती. डोक्यावर टोपल्या, दोघांच्या हातात कुऱ्हाडी. पुढचे म्हातारबा धावतच आले आणि त्यांनी माझा दंड धरून मला सरळ उभं केलं. "एकलेच आले का जी? उभा राह्यला त माणूस दिसते, वाकला त वाघाले जनावरच वाटते." मग त्यांनी बेशरमाकडे बोट दाखवलं. तीन दिवसांपूर्वी तिथूनच गोऱ्हा ओढून नेला होता. मी उभा होतो तिथून ती झुडपं फार तर वीस पावलांवर असतील.

त्यांनी मला एकटं सोडलं नाही. पुढे पाच जण, मागे पाच, मधे मी. सगळे मोठमोठ्याने बोलत चालले होते आणि जंगलात गप्प चालावं असं मी आजवर समजत होतो. जन्मभर या रानात वावरलेली माणसं एकेकटी जात नव्हती. एका फोनच्या भरवशावर मी गेलो होतो. महिनाभराने, 10 मे 2025 ला, शेजारच्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी गेल्या. ती बातमी वाचताना दंडावरची त्या म्हातारबांची पकड आठवली आणि हातातला पेपर खाली ठेवावा लागला.

पाळीवर वनरक्षक भेटले. त्यांनी परवानगी विचारली, नाव-गाव लिहून घेतलं, समज दिली. घोडाझरी 2018 पासून अभयारण्य आहे, परवानगीशिवाय आत पायी फिरणं हा गुन्हा. तिथेच मी मनात हिशेब केला. आमच्या या गृहस्थांची नागभीडहून बदली झाली 2014 मध्ये. त्याच्या त्या दहाही फेऱ्या अभयारण्य होण्याआधीच्या!

तीन वाजले, चार वाजले. फोन बंद. सोमवारी भेटल्यावर पाहुण्यांचा विषय नाही की गाडीचा नाही. त्याचं पहिलंच वाक्य, "तुम्हाला एकट्याने जायला कोणी सांगितलं होतं?" माझ्याकडे त्याचा मेसेज अजून आहे.

तुम्ही जाणार असाल तर वाट सांगणाऱ्याला आधी विचारा की तो शेवटचा कोणत्या वर्षी गेला होता. किती वेळा गेलाय, याला अर्थ नाही. वन परिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा. वन विभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे, पण ती घरून निघण्याआधी लावा, आत रेंजचा भरवसा नाही. मोहफुलं आणि तेंदूपत्ता यांच्या दिवसांत रानाकडे फिरकू नका. पाणी चार लिटर तरी हवं, म्हणजे काठाला उतरावं लागणार नाही. बुटाची नाडी सुटली तरी मोकळ्या जागी, कोणीतरी राखण करत असतानाच बांधा. टोपी, गूळ-शेंगदाणे, हे सगळे सांगतातच. परतीची गाडी मात्र पैसे देऊन स्वतः ठरवा. ज्याने सकाळी शब्द मोडला, तो दुपारी पाळेल अशी आशा धरू नका.

परवा जेवणाच्या सुट्टीत तो एका नव्या मुलाला पेरजागडची वाट सांगत होता. त्या कड्याला आग्या मोहळं असतात, त्याबद्दल अवाक्षर नाही. मी डबा बाजूला ठेवला आणि सगळ्यांसमोर विचारलं, "शेवटचा कोणत्या वर्षी गेला होतास?" तो हात धुवायला उठून गेला. मुलगा माझ्याकडे बघत होता. मी त्याच्यासाठी खुर्ची ओढली.